मनातल्या घराची फेरी

निवृत्तीनंतर अरविंदरावांनी स्मरणशक्तीचा क्लास लावला. तिथली युक्ती सोपी होती: जे लक्षात ठेवायचं ते मनातल्या मनात आपल्याच घरात ठेवून द्यायचं, आणि मग दारापासून फेरी मारायची. चित्र जितकं विचित्र, तितकं पक्कं.

सकाळी चेन्नईहून घरी यायला निघताना पत्नी हेमलताबाईंनी फोनवर अकरा कामं सांगितली. अरविंदरावांनी एकही कागदावर लिहिलं नाही. नारळ सोफ्यावर, कढीपत्ता टीव्हीवर, इस्त्रीचे कपडे थेट फ्रीजमध्ये! संध्याकाळी पिशव्या घेऊन घरी आले ते दिग्विजय केल्यासारखे. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, आपल्या के. आर. पुरम स्टेशनवर तासभर उभी आहे मी. मला न्यायला यायचं तेवढंच विसरलात?"

"विसरलो नाही गं! तुला स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं केलं होतं. फेरीत दिसलीससुद्धा. पण त्यात वेगळं काही वाटलंच नाही."



"पुढच्या वेळी मला सोफ्यावर बसवा," हेमलताबाई म्हणाल्या, "पाय वर घेऊन, हातात तुम्ही केलेला चहा. मग बघा, जन्मात विसरणार नाही तुम्ही."