मिसरीची डबी

सोमवारी सकाळी साडेसहाला, दिंडोरीजवळच्या वस्तीत, संशोधक सरोजिनीने अहवाल पाकिटात बंद केला. तीनशे शाळकरी मुलींनी भरलेल्या फॉर्मनुसार त्यांच्यात तंबाखू घेणारी एकही नव्हती. म्हणून व्यसनमुक्तीचे वर्ग फक्त मुलग्यांसाठी घ्यावेत, अशी शिफारस होती. मुक्कामाच्या घरची चौदा वर्षांची मनीषा ओट्यावर बोटाने दात घासत होती. बोट काळं होतं. “काय लावतेस गं?” “मिसरी. देऊ, ताई?” “अगं, मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच! फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंस.” “तंबाखू आप्पा खातात. मी दात घासते.” “दिवसातून कितीदा?” “पाचदा. नाय घासले तर लय डोकं दुखतं.” आतून तिची आई हसली, “दप्तरातबी डबी नेती, शहाणी!” सरोजिनीने पाकीट फोडून शिफारस खोडली. मग डबी काढून घ्यायला हात पुढे केला. मनीषाने डबीवर मूठ आवळली. “उद्या देते, ताई.” आज गुरुवार. डबी अजून तिच्या दप्तरातच आहे.