पोर्ट

साहेब, चाळीचा मालक बदलला म्हणून आम्ही परळ सोडायचं, हे नव्या मालकाच्या ऑफिसात बसून तुम्ही परस्पर ठरवलंत आणि आम्हाला नुसती नोटीस चिकटवलीत.

त्याच आठवड्यात आमच्या चाळीतल्या मालनमावशीच्या मोबाईलला रेंज येईना. शेजारची श्रेया म्हणाली, "मावशी, पोर्ट करून टाक."

"पोर्टात तर आमचे हे होते कामाला, गोदीत."

"ते पोर्ट नाही गं. कंपनी बदलायची, नंबर आपलाच राहतो."

"आणि कंपनी नाही म्हणाली तर?"

"तिला कोण विचारतंय? इतकी वर्षं वापरतेस, नंबर तुझाच."

दुसऱ्या दिवशी मावशी तुमच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.


"मालक बदलला ना? बदलू दे. माझी खोली पोर्ट करा. नंबर सतरा, तोच राहील. होत नसेल तर का नाही, ते सांगा."