महामौन

साबणाच्या वडीच्या एका कडेला दातांच्या खुणा होत्या. वरच्या दोन दातांच्या खोल, खालच्या पुसट. शेजारचा एक दात पडलेला असावा. तेवढ्या जागी वडी जशीच्या तशी होती. सिस्टर झेवेरियांनी ती वडी उचलून फादर देलवोंच्या बशीशेजारी ठेवली.

"हे काय?"

"ओडिलियाची शिक्षा. काल दुपारी मीच दिली."

फादर लष्करी ठाण्यावरून घोड्यावर आले होते. बुटांखाली स्वयंपाकघराच्या फळ्यांवर पाणी साचत होतं. शायेन या मूळ अमेरिकन जमातीच्या मुली त्यांना 'ओले बूट' म्हणत, पण चोरून. मिशनच्या या निवासी शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली की साबण चावावा लागे. नियम फादरांचा होता. वडी सिस्टरांच्या हातात असे.

मदर लुडविना चुलीपाशी मक्याची लापशी ढवळत होत्या. लाकूड ओलं होतं, धूर डोळ्यांत जात होता. त्यांनी मान वळवली नाही.

"बोलली काय होती ती?" फादरांनी विचारलं.

"घरी."

"आणखी?"

"आणखी काही नाही. खोकल्यातून रक्त पडतंय तिच्या. रात्री पुन्हा तेच म्हणाली. मी उठले, पाणी पाजलं, माझी शाल घातली. तिने माझी बाही धरली. आणि मी..." सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "महामौन ना! रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळच्या मिस्सेपर्यंत आम्हाला बोलायची मनाई. दिवसा तिने बोलायचं नाही, रात्री मी. मग आम्ही एकमेकींशी बोलायचं कधी, फादर? तिला पुरताना?"

"आवाज खाली, सिस्टर."

"अख्खा हिवाळा खालीच होता."

फादरांनी वडी बोटाने दूर सरकवली. "तिची आई कुठे असते?"

"खिडकीतून बघा."

कुंपणापाशी घोंगडी पांघरून एक बाई उभी होती. खांद्यांवरचा बर्फ तिने झटकला नव्हता. तिचं नाव पिवळं पान. मुलीला इथे आणलं त्या दिवसापासून तिचा तंबू ओढ्याकाठी होता. रोज सकाळी ती सुकं मांस घेऊन यायची आणि आज रविवार नाही, असं ऐकून परत जायची. आईबापांनी भेटायचा वार रविवार.

"हिला आत घेतलं की उद्या सगळ्या आया मुलींना न्यायला दाराशी येतील," फादर म्हणाले. "वर्ग रिकामे दिसले की सरकारी एजंट शाळेला कुलूप लावणार. पुढे मुली घरी राहतील, असं वाटतं तुम्हाला? आगगाडीत घालून पूर्वेकडच्या सरकारी शाळांत नेतील. तिथे कुठला ओढा आणि कुठली आई? निदान इथे कुंपणापलीकडून दिसते तरी."

हे खरं होतं. तिघांनाही माहीत होतं. म्हणूनच पानगळीपासून मदर लुडविना एकच शब्द बोलत आल्या होत्या: बघू.

"मुलीला घरी सोडायचं का, याचं बिशपांचं उत्तर येऊ द्या, इतकंच म्हणतोय मी. मदर, तुम्हीच समजवा यांना."

"समजवा ना, मदर," सिस्टर झेवेरिया म्हणाल्या. "म्हणा 'बघू'. पाठ आहे तुम्हाला."

वरच्या मजल्यावर खोकला सुरू झाला. मदरांच्या हातातला डाव थांबला. खोकला लांबला, मग मधेच तुटला. तिघंही छताकडे बघत राहिली. पुन्हा खोकला आला तेव्हा मदरांनी पातेलं उतरवलं, हात पुसले आणि टेबलावरची वडी उचलली. दातांच्या खुणेवर त्यांनी अंगठा ठेवून पाहिला. खूण अंगठ्याखाली झाकून गेली.

त्यांनी वडी चुलीत टाकली. चरबीचा जळका वास सुटला.

"मदर!"

"एजंटाला सांगा, मी केलं," मदर म्हणाल्या. "बिशपांनाही तेच कळवा."

"आणि आगगाडी?"

"आजचं बोला, फादर."

स्वयंपाकघराबाहेर जिन्यावर मुली न्याहारीसाठी ओळीने, गप्प उभ्या होत्या. मदर त्यांच्यामधून गेल्या आणि त्यांनी पुढचं दार सताड उघडलं. बर्फाळ वारा थेट जिन्यापर्यंत आला. कुंपणापाशी पिवळ्या पानाने मान वर केली आणि सवयीने मांसाचं गाठोडं पुढे धरलं.

इतकी वर्षं मोंटानात राहूनही मदरांना शायेन भाषा येत नव्हती. ज्या शब्दांना शिक्षा केली होती, तेवढेच कानात राहिले होते. त्यांतला एक तर सगळ्यात जास्त.

तो त्यांनी मोठ्याने उच्चारला, ओढ्यापर्यंत ऐकू जाईल असा. उच्चार चुकला. मुलींनी चटकन दाराशेजारच्या, साबणाची वडी ठेवायच्या फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती.

"घरी," मदर पुन्हा म्हणाल्या, जिन्याकडे वळून, मुलींच्याच भाषेत. "घरी. सगळ्या."