बाबाचा आवाज

ताटलीवर चमचा वाजला, तेव्हा कुठे केतकीने स्क्रीनवरून मान वर केली. जुई आपली आपण जेवत होती. एरवी बाबाच्या आवाजात गोष्ट लागल्याशिवाय तिला घास उतरत नसे.

गोष्टी वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला आपला आवाज देणारं प्लगिन सारंगने शेवटच्या आजारपणात लिहिलं होतं. काल केतकीने सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि कोडपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या जुन्या कंपायलरवर तयार केलेलं ते प्लगिन चालेना. सॉफ्टवेअरची मागची आवृत्तीही मिळेना. नव्या कंपायलरवर ते पुन्हा तयार करणं तिच्या हातचं होतं. पण मूळ कोड सारंगच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर होता. तो तिनेच तेराव्यानंतर साफ पुसून परत केला होता.

जुईने बोटाने निपटलेली ताटली पुढे धरली. "बघ आई, आज मी काहीच टाकलं नाही. आता बोलेल बाबा?"