बाकी सगळे ट्रकसारखे

साखर कारखान्याच्या नव्या गेटवर पडदा उजळला: इंजिन बंद करा.

उसानं भरलेल्या बैलगाडीवरून बसव्वा ओरडली, "बैल बंद कसं करू? सांगा की, पावणं!"

पावणं म्हणजे विजयसिंह सर. गेटची यंत्रणा त्यांच्या कोल्हापूरच्या कंपनीची. नियम सोपा. प्रत्येक वाहनाला एक डबी. तिची थरथर थांबली की इंजिन बंद झालं असं समजून गेटची दांडी वर जाणार. डबी काढली तर नंबर रद्द, पुन्हा रांगेच्या शेपटाला. बैलगाडीला इंजिन नसल्यानं सरांनी डबी डाव्या बैलाच्या गळ्यात बांधायला लावली होती. बैल उन्हात धापा टाकत होता. यंत्रणेच्या मते इंजिन उत्तम चालू होतं.

सरांच्याच कंपनीतल्या अर्शीनं लॅपटॉप उघडला. प्रोग्राम मूळ तिचा. वाहनांचे प्रकार तिनं तीन सांगितले होते: ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी. प्रोग्रामची भाषाच कडक. एखाद्या प्रकाराचं काय करायचं ते लिहायचं राहिलं, तर बोंब ठोकते. आज बोंब नव्हती. बैलगाडीच्या जागी एक नवीच ओळ होती: बाकी सगळे ट्रकसारखे.

"ही ओळ कुणाची, सर?"

"माझी. सारखं लाल लाल दाखवत होतं. एकच नियम लावला सगळ्यांना. सुटसुटीत!"

"ते बैलगाडीसाठी ओरडत होतं, सर! तुम्ही त्याचं तोंड बांधलंत!"

"आवाज खाली. चेअरमन बसलेत मांडवात."

"आरं, हातानं उचला की ती दांडी!" बसव्वा कडाडली. "सकाळधरनं पाणी न्हाय माझ्या बैलास्नी!"

"हातानं उचलली तर ऑटोमॅटिक कसली, मावशी?" सर समजुतीनं म्हणाले.

"दोन मिनिटं द्या," अर्शी म्हणाली. "बैलगाडीचं वेगळं लिहिते."

सरांनी तिच्या बोटांवरच लॅपटॉप मिटला. "उद्घाटन होईपर्यंत हात लावायचा न्हाय."

"खड्ड्यात गेला तुमचा नंबर!" म्हणत बसव्वानं खाली उडी टाकली, कमरेचा कोयता उपसला आणि डबीचा पट्टा कापायला धावली. ती पोचायच्या आत डावा बैल गुडघ्यांवर आला. मग कुशीवर. त्यानं मान टाकली.

डबीची थरथर थांबली. दांडी अलगद वर गेली. पडद्यावर अक्षरं आली: धन्यवाद. पुढे या.

मांडवात टाळ्या पडल्या. सरांनी त्या हात जोडून स्वीकारल्या.