वाईला चंद्र दिसेपर्यंत

वृंदामावशींनी मोदक उकडून ठेवले होते आणि त्या कुणालाही हात लावू देत नव्हत्या. संकष्टीचा उपास चंद्र उगवल्यावरच सोडायचा, हा त्यांचा हट्ट चंद्रावरच्या गुहेतल्या वसाहतीतही कायम होता.

"अहो मावशी, आपण चंद्रावरच तर राहतो!" धैर्यशील वैतागला. दिवसभर खडक फोडून तो भुकेजून आला होता. "आणखी कसलं दर्शन?"

"उगवलेला दिसायला नको का? वाईला सासूबाईंना दिसला, की मी जेवणार. आणि मी जेवले, की तू."

वाईत नेमकं आभाळ भरलं होतं. धैर्यशील ताटाभोवती घुटमळत राहिला. अखेर फोन वाजला.

"वृंदा, दिसला गं बाई एकदाचा! अर्घ्य दिलं, तुम्हा सगळ्यांना ओवाळलं. जेवा आता."

मावशींनी गणपतीला नैवेद्य दाखवला आणि पहिला मोदक धैर्यशीलच्या हातावर ठेवला. तो तोंडाशी नेता नेता धैर्यशील थबकला. त्याने आपल्या धुळकट बुटांकडे पाहिलं. मग खाली वाकून जमिनीला हात लावला आणि कपाळाला टेकवला, चुकून कुणाला पाय लागल्यावर करतात तसं.