टाकीच्या तळाची रेती

नव्या टाकीतलं खारं पाणी बरोबर पंचवीस अंशांवर स्थिरावलं, तेव्हा अपेक्षाने नवऱ्याचे मासे आणि प्रवाळ त्यात अलगद सोडले. धनंजय वारल्यापासून दोन वर्षं ती त्याची जुनी गळकी टाकी बदलायचं टाळत आली होती. जुनी रेती तेवढी बाहेर राहिली. ती ढवळली की तळातलं विष वर येतं आणि मासे मरतात.

सासरे अण्णाजींनी रेतीची बादली उचलली. "वांग्याच्या वाफ्यात टाकून येतो, पोरी."

"खारट हाय, मामाजी. वांगे जळतील."

"मंग रस्त्यावर फेकतो. रेतीत काऊन जीव अडकला तुहा?"

तिने बादलीची कडी घट्ट धरली.



"वर्धा नदीत मी त्यायची नुसती राख सोडली होती, मामाजी. अस्थी या रेतीत पुरल्या. चला, आता त्यायले खऱ्या समुद्रात सोडून येऊ."